भग्न देह आणि क्रमिक व्यायाम : महाराष्ट्रातील पुनर्बलसाधनेचा एक आलेख

१. विषयप्रवेश

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, हवेली तालुक्यात, लोणी काळभोर हे गाव वसले आहे. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून पूर्वेकडे निघाली म्हणजे तिचा पुढचा मुक्काम या गावी पडतो. पूर्व हवेलीतील इतर मोठ्या गावांप्रमाणे येथेही कुस्तीचा व तालमीचा संस्कार जुना आहे. आणि त्याच गावाच्या हद्दीत, हमरस्त्याच्या कडेला, आता आधुनिक रुग्णालयही उभे आहे. तालमीत निरोगी तरुण बळ मिळविण्यासाठी जातो. रुग्णालयात जखमी मनुष्य गेलेले बळ परत मिळविण्यासाठी जातो. ही दोन स्थळे एकाच गावात असली, तरी त्यांचा इतिहास मात्र स्वतंत्रपणे लिहिला गेला आहे.

महाराष्ट्रातील व्यायामाचा इतिहास बहुतांशी बलवानांचा इतिहास आहे. मल्ल, त्यांचे वस्ताद, त्यांना आश्रय देणारे संस्थानिक आणि राष्ट्रीय भावनेने आखाडे काढणारे कार्यकर्ते यांनी त्याची पाने व्यापली आहेत. हाड मोडलेला, कंबर धरलेला किंवा अंथरुणाला खिळलेला मनुष्य या इतिहासात सहसा आढळत नाही. वैद्यकाच्या इतिहासात तो आढळतो, पण तेथे तो केवळ रोगी असतो; आपल्या हालचालींनी स्वतःचे बळ पुन्हा उभारणारा कर्ता म्हणून नव्हे. ही उणीव केवळ तपशिलाची नाही. ज्या समाजाने बळाची एवढी उपासना केली, त्या समाजाने बळ गमावलेल्या माणसाला कोणते स्थान दिले, हा प्रश्न तिच्यामागे आहे. दुखापतीनंतर साध्या व मूलभूत हालचालींच्या द्वारे शरीराचा, विशेषतः धडाच्या मध्यभागाचा, आधार पुन्हा बळकट करण्याची कल्पना महाराष्ट्रात कोणकोणत्या वाटांनी आली आणि या वाटा एकमेकींना कोठे मिळाल्या, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२. प्राचीन वैद्यकातील क्रमविचार

भग्नचिकित्सेचा विचार सुश्रुतसंहितेत स्वतंत्रपणे आला आहे. निदानस्थानात अस्थिभंगाचे व सांधे निखळण्याचे प्रकार दिले असून चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात त्यांवरील उपचार सांगितले आहेत. मांडी किंवा पोटरीचे हाड मोडले असता रोग्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या साहाय्याने अवयव स्थिर ठेवावा, अशी योजना तेथे आहे. कटिभाग, पाठीचा कणा व छाती यांच्या भंगांनाही हीच व्यवस्था लागू केली आहे. हा झाला स्थैर्याचा भाग. परंतु संहिताकार तेथेच थांबत नाही. तळहाताचे हाड सांधल्यावर रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, त्यानंतर मिठाचा खडा धरावा आणि हातात बळ आल्यावरच दगड धरावा, असा क्रम तो सांगतो.

या तीन पायऱ्यांचे महत्त्व बारकाईने पाहिले पाहिजे. माती मऊ व दबणारी, मीठ तिच्याहून कठीण, दगड सर्वांत कठीण व जड. भार पायरीपायरीने वाढवावा आणि पुढच्या पायरीवर जाण्याची कसोटी दिवसांची संख्या नसून अवयवात आलेले बळ ही असावी, ही दोन तत्त्वे त्यात स्पष्ट दिसतात. त्याच स्थानात अन्यत्र व्यायामाची मर्यादा आपल्या शक्तीच्या अर्ध्यापर्यंत सांगितली असून श्वास तोंडाने घ्यावा लागू लागणे हे ती मर्यादा आल्याचे लक्षण मानले आहे.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या स्नायूंसाठी अमेरिकेतील थॉमस डिलॉर्म यांनी क्रमशः वाढत्या भाराची पद्धती आखली आणि १९४५ मध्ये ती प्रसिद्ध केली. सुश्रुताचा मातीचा गोळा व डिलॉर्म यांची वजने यांत तत्त्वसाम्य आहे. परंतु तत्त्वसाम्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. एकापासून दुसरे निघाले असे मानण्यास आधार नाही. साम्याचे खरे कारण शरीरधर्मातच आहे. ऊती भाराला प्रतिसाद देऊन बळकट होतात आणि अवेळी आलेल्या भाराने पुन्हा तुटतात. ज्याने रोग्याकडे लक्षपूर्वक पाहिले, त्याच्या ध्यानात हे कोणत्याही युगात येणे शक्य होते.

३. तालीम आणि हडवैद्य

बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लांच्या श्रमांचे प्रकार सांगितले असून त्यांत खांबावरील व पाण्यातील श्रमांचा समावेश आहे. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. मल्लखांबावर हातापायांची पकड डोळ्यांत भरते; परंतु ती पकड टिकते धडाच्या जोरावर. पोट, कंबर व पाठ एकसंध राहिली नाही तर खांबावरील कोणतीही पकड सुटते. तालमीतील जोर आणि बैठकाही याच मध्यभागाला राबवितात. म्हणजे धडाच्या गाभ्याचे महत्त्व तालमीला ठाऊक होते. त्याला वेगळे नाव देण्याची गरज तिला भासली नाही, इतकेच.

तालमीत दुखापत ही नित्याची बाब होती. मुरगळलेला घोटा, निखळलेला खांदा, धरलेली कंबर यांवर उपचार करणारा हडवैद्य पुष्कळदा तालमीच्याच परिसरातला असे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्राध्यापक माणिकराव हे या दुहेरी परंपरेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. भारतीय भाषांतील आज्ञांवर चालणाऱ्या सांघिक व्यायामाचे ते प्रवर्तक होते आणि हाडे बसविण्यातही त्यांची ख्याती होती. त्यांच्या ठायी व्यायामशिक्षक व अस्थिचिकित्सक या दोन भूमिका एकवटल्या होत्या. बडोद्यातच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात निघाले, हेही या नगरीच्या परंपरेला साजेसे होते.

तथापि हडवैद्यकीचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकता येत नाहीत. ही विद्या हातातून हातात गेली. तिच्या यशापयशाच्या नोंदी राहिल्या नाहीत. बांबूच्या पट्ट्या फार घट्ट बांधल्याने रक्ताभिसरण खुंटून अवयव गमवावा लागण्याचा धोका तिच्यात होता. शिवाय मालीश व बांधणी यांनंतर रोग्याने कोणत्या हालचाली, किती आणि कोणत्या क्रमाने कराव्यात, याचा निश्चित पाठ तिच्याजवळ क्वचितच असे. बरा झालेला मल्ल एकदम जोर-बैठकांकडे वळे. मातीचा गोळा व दगड यांच्यामधील मिठाच्या खड्याची पायरी तालमीत बहुधा गळलेली होती.

४. नमस्कार आणि प्रयोगशाळा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामसंस्थांची मोठी लाट आली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ मध्ये स्थापन झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी युजेन सँडोच्या पद्धतीचा अनेक वर्षे अभ्यास केल्यानंतर सूर्यनमस्कारांचा अंगीकार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांचा प्रसार केला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनला निघाले. कोणत्याही साधनाशिवाय, थोड्या जागेत, स्त्रीपुरुषांना व मुलांना करता येणारा व्यायाम म्हणून नमस्काराचे मोल मोठे आहे. परंतु ही चळवळ मुख्यतः निरोगी शरीराला उद्देशून होती. नमस्कारात धड वारंवार पुढे वाकते, मागे वळते व हातांवर तोलले जाते. पाठीला नुकतीच इजा झालेल्या माणसाला ही सलग साखळी पहिल्या पायरीवर झेपणारी नसते. तिच्यातील एकेक कडी सुटी करून शिकवावी लागते.

ही कडी सुटी करून तपासण्याचे काम लोणावळ्यास झाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), हे माणिकरावांचे शिष्य. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी त्यांनी योगाचे शिक्षण घेतले आणि १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांवर त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने प्रयोग केले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात वातावरणाच्या दाबापेक्षा कमी दाब उत्पन्न होतो, असे त्यांना आढळले आणि आपल्या गुरूच्या स्मरणार्थ त्या निर्वाताला त्यांनी माधवदासजींचे नाव दिले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या प्रयोगांचे महत्त्व निष्कर्षापेक्षाही दृष्टीत आहे. पोटाची भिंत, श्वासपटल आणि पोकळीतील दाब ही एकमेकांशी बांधलेली यंत्रणा आहे आणि ती मोजता येते, हे त्यांतून पुढे आले. तालमीची परंपरा माणिकरावांच्या शिष्याच्या द्वारे येथे प्रयोगशाळेत पोहोचली. कैवल्यधामात रोग्यांवर योगोपचारही होऊ लागले आणि व्यायाम हा केवळ बलवानाचा छंद नसून दुर्बलाचे औषधही होऊ शकतो, या विचाराला संस्थेचे रूप आले.

५. रुग्णालय आणि जखमी सैनिक

याच काळात तिसरी वाट रुग्णालयातून येत होती. युरोपात स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशाळा काढून उपचारात्मक हालचालींचा पाया घातला होता. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्रांती हाच दुखापतीवरील श्रेष्ठ उपाय, हे मत शस्त्रवैद्यांत प्रबळ झाले. इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांचा विश्रांती व वेदना यांवरील १८६३ चा ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पाठीच्या दुखण्यावर आठवडेच्या आठवडे निजून राहण्याचा सल्ला हे त्या मताचेच अपत्य होते.

दोन महायुद्धांनी हे चित्र पालटले. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ पासून लुडविग गुटमान यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार सुरू केले. रोग्याची कूस ठराविक वेळाने पालटणे, मग बसण्याचा तोल, मग हातांचे व धडाचे बळ, मग खेळ, असा त्यांचा क्रम होता. १९४८ मध्ये त्यांनी भरविलेल्या धनुर्विद्येच्या सामन्यांतून पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उदयास आल्या. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्राची स्थापनाही १९४४ मधलीच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. आणि १९७४ मध्ये खडकी येथे कण्याच्या इजेने लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. अवघ्या तीन दशकांत, मुंबई-पुण्याच्या टापूत, भग्न देहासाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या.

या संस्थात्मक इतिहासाला मानवी मुख मिळते ते मुरलीकांत पेटकर यांच्या चरित्रात. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळील पेठ या गावचे पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालच्या शरीराची हालचाल गेली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहणे सुचविण्यात आले. पाण्यात शरीराचे वजन हलके होते. जमिनीवर अशक्य असलेली हालचाल तेथे शक्य होते. आणि पाय साथ देत नसता हातांचा प्रत्येक वल्हा सरळ जावा यासाठी धडाला सतत तोल सांभाळावा लागतो. पेटकर १९६८ च्या तेल अवीव येथील स्पर्धांत टेबल टेनिस खेळले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्णपदक. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. या दोन वर्षांमधील सेहेचाळीस वर्षांचे अंतर पुरेसे बोलके आहे. बलवानांचा इतिहास लिहिणाऱ्या समाजाच्या नजरेत भग्न देहाचे बळ यायला तेवढा काळ लागला.

६. गुरूची पुनश्च प्रथमपायरी

बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) हे मूळचे कर्नाटकातील बेल्लूरचे. १९३७ मध्ये ते पुण्यास आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. लहानपणी ते अशक्त व आजारी होते. योगाभ्यासाने त्यांनी प्रकृती कमावली. १९६६ मध्ये त्यांचा आसनांवरील इंग्रजी ग्रंथ निघाला आणि १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था सुरू झाली. या जगन्मान्य आचार्यांना १९७९ मध्ये थोड्या अवधीत स्कूटरचे दोन अपघात झाले. पाठीचा कणा, खांदे व गुडघे यांना इजा झाली. साधी आसनेही त्यांना अवघड होऊन बसली आणि एखाद्या नवशिक्याप्रमाणे प्रारंभापासून अभ्यास करावा लागला. पूर्वीचे कौशल्य परत मिळण्यास त्यांना अनेक वर्षे लागली.

या प्रसंगाचे ऐतिहासिक मोल असे की, भिंत, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा व खुर्ची यांचा आधार घेऊन आसन शिकविण्याची जी पद्धती त्यांनी रूढ केली, तिचे मर्म त्यांना स्वतःच्या शरीरावर पुन्हा पारखावे लागले. आधार घेणे हा कमीपणा नाही. आधार म्हणजे मऊ मातीचा गोळा आहे. आधार कमी करीत जाणे म्हणजेच भार वाढवीत जाणे. सुश्रुताने वस्तूचा कठीणपणा पालटून जे साधले, ते येथे शरीराला दिलेला टेका पालटून साधले आहे.

७. गाभ्याची आधुनिक संकल्पना

धडाच्या गाभ्याची जी संकल्पना आज भौतिकोपचारात रूढ आहे, ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आकाराला आली. १९९२ मध्ये मनोहर पंजाबी यांनी कण्याचे स्थैर्य तीन अंगांवर अवलंबून असल्याचे मांडले : हाडे व बंध, त्यांना सावरणारे स्नायू, आणि त्या स्नायूंना वेळेवर कामाला लावणारी मज्जासंस्था. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस व कॅरोलिन रिचर्डसन यांनी दाखविले की, निरोगी माणूस हात हलवितो त्याच्या किंचित आधी पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू आवळतो. कंबरदुखी असलेल्यांत हे आवळणे उशिरा होते. त्याच वर्षी ज्यूली हाइड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नोंदविले की, कंबरेची वेदना थांबली तरी कण्यालगतचा खोल स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. त्यासाठी त्याला मुद्दाम व्यायाम द्यावा लागतो.

हा शेवटचा निष्कर्ष प्रस्तुत विवेचनात कळीचा आहे. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, हा लोकांचा समज आणि पुष्कळदा मल्लाचाही समज. पण वेदना जाणे व बळ येणे या दोन भिन्न घटना आहेत. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या रोग्यांत दोन दिवसांच्या विश्रांतीची सात दिवसांच्या विश्रांतीशी तुलना केली; अधिक निजून राहण्याने अधिक लाभ होत नाही, असे दिसून आले. म्हणजे पडून राहणे हा उपाय नव्हे आणि वेदना जाताच पूर्ण भार उचलणे हाही नव्हे. या दोहोंमध्ये मूलभूत हालचालींचा प्रदेश आहे.

हा प्रदेश दिसावयास अगदी साधा आहे. उताणे निजून गुडघे वाकवून संथ श्वास घेणे व पोट हलके आवळणे, त्याच स्थितीत कंबर उचलून सेतू करणे, हात व गुडघे जमिनीवर टेकून एका बाजूचा हात व दुसऱ्या बाजूचा पाय लांब करताना पाठ हलू न देणे, कोपरांवर व चवड्यांवर शरीर फळीसारखे सरळ तोलून धरणे, खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठणे व बसणे, आणि चालणे. बैठक ही खुर्चीवरून उठण्याचीच पुढची पायरी आहे आणि जोर हा फळीसारख्या स्थितीचाच गतिमान अवतार आहे. तालमीचा व्यायाम व रुग्णालयाचा व्यायाम यांत जातीचा भेद नाही. पायरीचा भेद आहे.

मात्र नव्या संकल्पनेचाही अतिरेक झाला. एखादा विशिष्ट स्नायू आवळण्यातच सर्व रहस्य आहे, अशी श्रद्धा पसरली. पुढील तुलनात्मक परीक्षणांत असे दिसले की, दीर्घकालीन कंबरदुखीत गाभ्याचे खास व्यायाम व सर्वसाधारण व्यायाम यांच्या परिणामांत कालांतराने फारसे अंतर राहत नाही. सातत्य व क्रम यांचे मोल विशिष्ट कृतीच्या मोलाहून कमी नाही, असाच याचा अर्थ होतो. अर्थात प्रत्येक इजेची तपासणी व उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवेत. कण्याच्या ताज्या इजेत चुकीच्या हालचालीने कायमची हानी संभवते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, महाराष्ट्रात पुनर्बलसाधनेचा विचार एका उगमातून आला नाही. वैद्यकसंहिता, तालीम, योगसंस्था व सैनिकी रुग्णालय अशा निरनिराळ्या वाटांनी तो आला. दुसरी, या वाटा जेथे मिळाल्या तेथे त्या एखाद्या व्यक्तीच्या ठायी मिळाल्या : माणिकरावांच्या हातांत तालीम व अस्थिचिकित्सा, कुवलयानंदांच्या ठायी आखाडा व प्रयोगशाळा, अय्यंगारांच्या देहात गुरुत्व व रुग्णत्व. संस्थांनी ही जोड क्वचितच टिकवून धरली. तिसरी गोष्ट अशी की, सर्व वाटांवर जे तत्त्व पुनःपुन्हा हाती लागले ते एकच आहे : भार क्रमाने वाढवावा आणि क्रमाचा निर्णय पंचांगावर न सोडता बळावर सोपवावा.

या तत्त्वाला सामाजिक बाजूही आहे. ज्याला शेतात वा कारखान्यात राबल्यावाचून चूल पेटविता येत नाही, त्याला मिठाच्या खड्याच्या पायरीवर थांबण्याची सवड कोण देणार? लोणी काळभोरसारख्या गावात शेती, कारखाने व हमरस्त्यावरील वाहतूक यांत राबणाऱ्या माणसाची कंबर धरली म्हणजे तो वेदना थांबेपर्यंत घरी राहतो आणि वेदना थांबताच पुन्हा ओझ्याला खांदा देतो. ज्ञानाचा अभाव हे याचे एक कारण. परंतु सवडीचा अभाव हे त्याहून मोठे कारण आहे. तालमीची माती आणि रुग्णालयाची उपचारशाळा यांच्यामधील अंतर म्हणूनच केवळ विचारांच्या इतिहासाचा विषय नाही.

वारीत पालखीबरोबर या गावी पोहोचणारा वृद्ध वारकरी दररोज मजल-दरमजल चालतो, मुक्कामी विसावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू लागतो. श्रम, विसावा आणि पुन्हा श्रम हा क्रम त्याला कोणी शास्त्र म्हणून शिकविलेला नाही. भग्न देहाच्या पुनर्बलसाधनेचे शास्त्रही अखेर याच क्रमाचे सूक्ष्म व सावध रूप आहे. आणि त्याचा इतिहास लिहिताना उभ्या असलेल्यांइतकेच, पुन्हा उभे राहू पाहणाऱ्यांकडेही लक्ष देणे हे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.